दारापर्यंत न पोहोचलेले रुग्ण

उत्तर इटलीतल्या कोदोन्यो गावात २०२० च्या फेब्रुवारीत कोविडचा रुग्ण सापडला आणि साऱ्या युरोपचे धाबे दणाणले. पियाचेन्झा शहर तिथून अगदी जवळ. तिथल्या रुग्णालयात २१ फेब्रुवारीला पहिला कोविड रुग्ण नोंदला गेला आणि बघता बघता वॉर्ड न्यूमोनियाच्या रुग्णांनी भरून गेले. त्या धावपळीत मेंदूविकारतज्ज्ञांना एक गोष्ट खटकू लागली. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून पक्षाघात (स्ट्रोक) झालेले रुग्ण येईनासे झाले होते. एरवी महिन्याला सरासरी ५१ यायचे. २१ फेब्रुवारी ते २५ मार्च या काळात आले फक्त ६. डॉक्टरांनी हा अनुभव एका छोट्या लेखात मांडला, तेव्हा त्यांच्या हाती उत्तर नव्हते. प्रश्न तेवढा होता: हे रुग्ण गेले कुठे?

महासाथीत रुग्णालयातल्या स्ट्रोकच्या उपचारांचे काय होते, हा पुढील पानांचा विषय आहे. त्याची सुरुवात याच प्रश्नापासून करावी लागते.

पियाचेन्झात जे दिसले, ते पुढच्या काही आठवड्यांत जगभर दिसले. अमेरिकेत मेंदूचे स्कॅन तपासणारी एक संगणकप्रणाली शेकडो रुग्णालये वापरतात. तिच्या नोंदी चाळल्यावर आढळले, की मार्चअखेरपर्यंत दर रुग्णालयामागे रोज तपासले जाणारे स्ट्रोकचे रुग्ण फेब्रुवारीच्या तुलनेत ३९ टक्क्यांनी घटले होते. चीनमधल्या २८० रुग्णालयांत फेब्रुवारी २०२० मध्ये गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा वापर आदल्या वर्षीच्या फेब्रुवारीपेक्षा २६.७ टक्क्यांनी कमी झाला. पुढे ७० देशांतल्या ४५७ केंद्रांचा एकत्र हिशेब मांडला गेला, त्यात स्ट्रोकसाठी दाखल होणाऱ्यांत ११.५ टक्क्यांची घट दिसली. भारतात घसरण यापेक्षा कितीतरी मोठी होती. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेतल्या डॉ. पी. एन. शैलजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातल्या निवडक स्ट्रोक केंद्रांची पाहणी केली. पहिल्या टाळेबंदीत दर आठवड्याला येणारे रुग्ण तिथे साठ टक्क्यांहून अधिक कमी झाले होते.

स्ट्रोक खरोखरच कमी झाले असतील का? ही शक्यता अभ्यासकांनी झटकून टाकली नाही. रस्त्यांवर धूर नव्हता, इतर संसर्गही रोडावले होते. थोडा फरक त्यानेही पडला असेल. पण साठ टक्के रुग्ण स्वच्छ हवेने नाहीसे होत नाहीत. मुंबईत २००५-०६ मध्ये डॉ. पी. एम. दलाल यांच्या नेतृत्वाखाली वस्तीनिहाय स्ट्रोकची नोंद ठेवली गेली. तेव्हा वर्षाला लाखामागे सुमारे १४५ नवे रुग्ण आढळले होते. रक्तदाब, मधुमेह, तंबाखू आणि वय या कारणांतून हा आकडा तयार होतो, आणि यातले एकही कारण टाळेबंदीने महिनाभरात पुसले जात नाही. शिवाय जे रुग्ण रुग्णालयात आले, ते अनेक ठिकाणी नेहमीपेक्षा उशिरा आणि जास्त बिघडलेल्या अवस्थेत आले. म्हणजे झटके येतच होते. सौम्य झटका आलेले घरीच राहिले, आणि ज्यांना आणण्यावाचून गत्यंतर नव्हते तेवढे आणले गेले.

उशिराची किंमत इतर आजारांतही असते, पण स्ट्रोकमध्ये ती मिनिटांत मोजली जाते. अमेरिकी मेंदूविकारतज्ज्ञ जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये ती मोजून दाखवली. मोठी रक्तवाहिनी बंद पडलेल्या रुग्णाच्या मेंदूतल्या सुमारे १९ लाख चेतापेशी दर मिनिटाला मरतात. गुठळी विरघळवणारे औषध पहिल्या साडेचार तासांत दिले तरच उपयोगी पडते, आणि त्या साडेचार तासांतही आधीचा अर्धा तास नंतरच्या अर्ध्या तासापेक्षा मोलाचा असतो. जांघेतून किंवा मनगटातून नळी घालून गुठळी ओढून काढण्याचा उपाय २०१५ मधल्या पाच चाचण्यांनी प्रस्थापित केला. २०१८ मधल्या दोन चाचण्यांनंतर निवडक रुग्णांसाठी त्याची मुदत चोवीस तासांपर्यंत वाढली. पण त्यासाठी सुसज्ज कॅथलॅब आणि रात्री-अपरात्री धावून येणारा चमू लागतो. म्हणजे महासाथ आली तेव्हा स्ट्रोकवर उपचार होते, चांगले होते, आणि सगळेच्या सगळे घड्याळाशी बांधलेले होते.

हे घड्याळ घरात सुरू होते. पहाटे चारला उठलेल्या माणसाच्या हातातून पेला निसटतो, बोलताना शब्द अडखळतात, चहा ओठाच्या कोपऱ्यातून ओघळतो. घरात कुजबुज होते: रात्री झोप नीट झाली नसेल, पित्त झाले असेल, सकाळी बघू. कोविड नसतानाही आपल्याकडे बहुतेक वेळ इथेच जातो. २०२० च्या एप्रिलमध्ये त्यात नव्या शंकांची भर पडली. दवाखान्यात नेले तर संसर्ग होईल, तपासणीत पॉझिटिव्ह निघाले तर वेगळे ठेवतील, भेटू देणार नाहीत, इमारत सील होईल. यांतली एकही शंका खुळी नव्हती. आजूबाजूला रोज तेच घडत होते. म्हणूनच घरी थांबलेल्यांना अडाणी ठरवून मोकळे होणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

भीतीचा हा वाटा टाळेबंदीच्या वाट्यापासून वेगळा काढता येतो, तो हाँगकाँगच्या एका अभ्यासामुळे. साथीच्या पहिल्या दोन महिन्यांत हाँगकाँगमध्ये कडकडीत टाळेबंदी नव्हती. गाड्या धावत होत्या, रुग्णालये उघडी होती, कोविडचे रुग्णही मोजकेच होते. तरीही क्वीन मेरी रुग्णालयात, लक्षणे दिसल्यापासून दारात पोहोचेपर्यंतचा वेळ ९५ मिनिटांवरून १५४ मिनिटांवर गेला. साडेचार तासांच्या आत येणारे रुग्ण ७२ टक्क्यांवरून ५५ टक्क्यांवर घसरले. रस्ता मोकळा होता, माणसेच निघत नव्हती. न्यूयॉर्कमधल्या डॉक्टरांनी एप्रिल २०२० मध्ये पन्नाशीच्या आतल्या पाच कोविडग्रस्त स्ट्रोक रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्या पाचांपैकी दोघांनी रुग्णालयाच्या धास्तीने रुग्णवाहिका बोलवायला उशीर केला होता.

महाराष्ट्राला ही धास्ती नवी नाही. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगची साथ पसरली तेव्हा घरझडत्या सुरू झाल्या, रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना छावण्यांत हलवले जाऊ लागले, आणि लोक आजारी माणसे लपवू लागले. त्या काळी सक्ती होती आणि सक्ती करणारे सरकार परके होते. २०२० मध्ये दोन्ही गोष्टी तशा नव्हत्या. तरीही रुग्णालय म्हणजे माणूस आत जातो आणि दिसेनासा होतो ती जागा, ही भावना सव्वाशे वर्षांनी पुन्हा जागी झाली. साथ आटोक्यात आणण्यासाठी केलेले उपाय दुसऱ्या आजाराच्या रुग्णाला दारापासून दूर ढकलू शकतात, हा धडा आपल्या इतिहासात आधीच लिहिलेला होता.

सर्वांत मोठे नुकसान बहुधा ज्यांची कुठेच नोंद झाली नाही त्यांचे झाले. काही मिनिटे हात लुळा पडतो, वाचा जाते आणि मग सगळे पूर्ववत होते. या तात्पुरत्या झटक्याला कोणी फारसे मनावर घेत नाही. पण मोठा झटका येण्याचा धोका त्यानंतरच्या काही दिवसांतच सर्वांत जास्त असतो. ऑक्सफर्डमध्ये पीटर रॉथवेल यांच्या गटाने २००७ मध्ये दाखवून दिले, की अशा रुग्णांवर लगेच उपचार सुरू केले तर पुढच्या ९० दिवसांत पुन्हा स्ट्रोक येण्याचे प्रमाण सुमारे १० टक्क्यांवरून २ टक्क्यांवर येते. साथीच्या काळात याच रुग्णांनी बाहेर पडण्याचे टाळले. ज्याला काही होत नाही असे वाटते तो लॉकडाऊनमध्ये कशाला निघेल? पुढच्या महिन्यात त्यांच्यापैकी किती जण कायमचे अंथरुणाला खिळले, ते कोणत्याही रजिस्टरात शोधून सापडणार नाही.

घरातून निघायचे ठरले तरी मधली वाट सोपी नव्हती. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली होती. साथीत कोविड रुग्णांची ने-आण हे रुग्णवाहिकांचे मोठे काम होऊन बसले. मुंबईच्या लोकल मार्च २०२० मध्ये थांबल्या आणि जूनच्या मध्यावर सुरू झाल्या त्याही फक्त अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी. गल्लीतले दवाखाने बंद होते. एरवी तिथलाच डॉक्टर तोंड बघून ‘ताबडतोब मोठ्या दवाखान्यात न्या’ असे दटावतो. नायर रुग्णालय एप्रिलमध्ये पूर्णपणे कोविडसाठी राखले गेले; कर्मचारी बाधित झाल्यामुळे अनेक खासगी रुग्णालये काही दिवस बंद ठेवावी लागली. आज कोणते रुग्णालय कोविडेतर रुग्ण घेते, हे शेजाऱ्याला ठाऊक नव्हते, आणि कित्येकदा रुग्णवाहिकेच्या चालकालाही. दोन दारांवरून परत फिरून तिसऱ्या दारात पोहोचलेल्या रुग्णाचे साडेचार तास वाटेतच सरलेले असत.

आता दाराच्या आत काय घडले ते पाहू. स्ट्रोकचा रुग्ण येताच सगळा चमू एकदम धावून जातो, ही या उपचारांची रीत. एक जण शिरेत सुई लावतो, दुसरा रक्तदाब घेतो, तिसरा नातेवाइकांना विचारतो, चौथा सीटी स्कॅनच्या खोलीला फोन करतो. कोविडने नेमकी हीच गर्दी धोक्याची ठरवली. टोरांटोच्या सनीब्रूक रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०२० च्या वसंतात ‘प्रोटेक्टेड कोड स्ट्रोक’ नावाची पद्धत मांडली. रुग्णाला आधी मास्क लावायचा, चमूने पूर्ण संरक्षक पोशाख चढवायचा, आत मोजकीच माणसे जायची, बाकीच्यांनी बाहेर थांबून मदत करायची, आणि कोणी घाईत चूक करत नाही ना, हे पाहायला एक जण वेगळा नेमायचा. भारतातल्या स्ट्रोकतज्ज्ञांच्या संघटनेनेही तशाच सूचना काढल्या. पोशाख नीट चढवायला काही मिनिटे जातात. सेव्हर यांच्या हिशेबात त्या प्रत्येक मिनिटाला १९ लाख पेशी जातात. पण पोशाखाविना धावलेली सिस्टर आजारी पडली तर उद्याच्या दहा रुग्णांकडे कोण बघणार? हा पेच त्या दारात उभ्या असलेल्या प्रत्येकाने रोज अनुभवला, आणि तो सोडवताना कोणीही पूर्णपणे बरोबर असू शकत नव्हते.

या संरक्षक पोशाखाच्या आतून स्ट्रोकचा रुग्ण तपासणे हेही वेगळेच दिव्य होते. तोंड वाकडे होणे हे स्ट्रोकचे पहिले ठळक लक्षण. ते मास्कखाली झाकले गेले. ज्याची भाषाच गेली आहे तो समोरच्याच्या ओठांकडे आणि चेहऱ्याकडे बघून निम्मे समजून घेतो. त्याला आता चष्म्यामागचे धूसर डोळे तेवढे दिसत. ताप होता का, खोकला होता का, हे तो सांगू शकत नाही आणि सांगणारा मुलगा गेटबाहेर उभा. ‘शेवटचे धडधाकट कधी पाहिले?’ या एका प्रश्नाच्या उत्तरावर इंजेक्शन द्यायचे की नाही हे ठरते. टाळेबंदीत एकट्या राहिलेल्या आजीला शेवटचे कोणी पाहिले होते? दूधवाल्याने दोन दिवसांपूर्वी.

सीटी स्कॅनच्या यंत्राची गोष्ट महाराष्ट्राने जवळून पाहिली. मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटीशिवाय कळत नाही, आणि रक्तस्रावात गुठळीचे औषध दिले तर ते जिवावर बेतते. साथीत तेच यंत्र फुप्फुसांच्या एचआरसीटीसाठी सकाळपासून रात्रीपर्यंत गुंतले. मागणी इतकी वाढली, की सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारला एचआरसीटीचे दर यंत्राच्या क्षमतेनुसार २,००० ते ३,००० रुपयांवर बांधून द्यावे लागले. प्रत्येक कोविड रुग्णानंतर खोली निर्जंतुक करायची, मगच पुढचा रुग्ण घ्यायचा. एकच यंत्र असलेल्या तालुक्याच्या गावात पक्षाघाताचा रुग्ण आला, की त्याला रांगेतून पुढे काढण्याचा निर्णय तंत्रज्ञालाच घ्यावा लागे.

औषधाच्या बाबतीत मात्र भारताची एक जमेची बाजू होती, आणि तिचा धागा पुण्याशी जुळतो. जगभर वापरले जाणारे अल्टेप्लेझ तासभर शिरेतून सोडावे लागते, म्हणजे तेवढा वेळ कोणीतरी रुग्णाशेजारी हवे. टेनेक्टेप्लेझ काही सेकंदांत एकाच इंजेक्शनने देता येते. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीचे टेनेक्टेप्लेझ स्ट्रोकसाठी वापरायला भारतात कोविडच्या आधीच परवानगी मिळाली होती. २०२० मध्ये स्टीव्हन वॉरॅक आणि सेव्हर यांनी अमेरिकी डॉक्टरांपुढे हाच पर्याय मांडला: संपर्काचा वेळ कमी करायचा तर हे औषध वापरा. संकटात उपयोगी पडते ते बहुधा आधीपासून सवयीचे असलेलेच, याचे हे चांगले उदाहरण आहे.

कोविडने स्वतःही स्ट्रोक घडवले, हे विसरता कामा नये. हा विषाणू रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढवतो. न्यूयॉर्कच्या दोन रुग्णालयांत आलेल्या कोविड रुग्णांपैकी १.६ टक्के जणांना गुठळीचा स्ट्रोक झाला होता. इन्फ्लुएन्झाच्या रुग्णांत हे प्रमाण ०.२ टक्के होते. असा झटका दाखल रुग्णाला झोपेच्या औषधांखाली, व्हेंटिलेटरवर असताना आला, तर हात हलत नाही हे लक्षात येईपर्यंत दिवस उलटून जाई. २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस हा बुरशीचा आजार आला. त्याचा महाराष्ट्राला मोठा फटका बसला. नाकाच्या पोकळ्यांतून डोळ्यामागे आणि तिथून मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या धमनीत ही बुरशी शिरली, की तिथे गुठळी होते. कोविडमधून बरा होऊन घरी आलेला माणूस आठवड्याभरात अर्धे अंग लुळे होऊन परत आला, अशी वेळ काही घरांवर आली.

घरी परतलेल्यांचे हालही कमी नव्हते. स्ट्रोकनंतरचे पहिले तीन महिने हातापायांत बळ परत आणण्याचे असतात. फिजिओथेरपिस्ट घरी येईना, बाह्यरुग्ण विभाग बंद. रक्त पातळ ठेवण्याची गोळी घेणाऱ्यांची तपासणी चुकली, रक्तदाबाच्या गोळ्यांत खंड पडला. २५ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने दूरध्वनी आणि व्हिडिओद्वारे सल्ला देण्याची नियमावली जाहीर केली. तिच्यामुळे निदान औषधांची चिठ्ठी सुरू राहिली, ही मोठीच सोय झाली. पण आखडलेला खांदा फोनवरून मोकळा होत नाही.

दूरवरून मेंदूविकारतज्ज्ञाची मदत घेऊन स्ट्रोकवर उपचार करता येतात, हे हिमाचल प्रदेशाने महासाथीच्या आधीच सिद्ध केले होते. डोंगराळ जिल्ह्यांतल्या, सीटी यंत्र असलेल्या सरकारी रुग्णालयांतले फिजिशियन स्कॅनचे फोटो मोबाइलवरून शिमल्याला किंवा टांड्याला पाठवत, तिथला तज्ज्ञ पाहून सांगे आणि इंजेक्शन जिल्ह्यातच दिले जाई. अशी व्यवस्था लागलेली असली तर साथ आल्यावर रुग्णाला तीन दारे हिंडावी लागत नाहीत.

गडचिरोलीला तर दारापर्यंत पोहोचायचे कसे, हा प्रश्न महासाथीने विचारलाच नव्हता. तो तिथे रोजचा आहे. ‘सर्च’ संस्थेत तेव्हा काम करणारे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या ८६ गावांतल्या मृत्यूंची छाननी केली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार त्या गावांत मृत्यूचे पहिले कारण स्ट्रोक होते, १४.३ टक्के मृत्यू त्यानेच झाले, आणि त्यातले बहुतेक घरातच. वाहन नाही, जवळ सीटी नाही, दवाखान्याची भीती आहे: मुंबई-पुण्याने काही महिने जे सोसले, ते तिथे बारा महिने चालते. भारतात दरवर्षी बारा लाखांहून अधिक लोकांना नव्याने स्ट्रोक होतो. महासाथीत शहरातला माणूस दुर्गम भागातल्या रुग्णाच्या जागी जाऊन बसला, असे या अनुभवाकडे पाहिले पाहिजे. मग ‘साथ संपली, विषय संपला’ असे म्हणता येत नाही.

पुढील पाने वाचताना एक गोष्ट सतत जाणवेल. ज्या रुग्णालयांत पद्धत घालून दिलेली होती, तिथे दारातून आत आलेल्या रुग्णाला मिळणारे उपचार साथीतही बऱ्याच अंशी टिकले. डॉक्टर, सिस्टर, तंत्रज्ञ आणि वॉर्डबॉय यांनी ते जिवावर उदार होऊन टिकवले. साखळी तुटली ती दाराआधी: घरात, रस्त्यावर आणि कोणते दार उघडे आहे या माहितीच्या अभावात. म्हणून पुढच्या साथीचा आराखडा करताना खाटा आणि ऑक्सिजन मोजून थांबता येणार नाही. प्रत्येक जिल्ह्यात निदान एक रुग्णालय, एक सीटी यंत्र आणि एक चमू स्ट्रोकसाठी अखंड राखलेला हवा, आणि त्याचे नाव कोविड केंद्रांच्या यादीइतक्याच ठळकपणे लोकांना माहीत हवे. २०२० मध्ये रोज संध्याकाळी बाधितांचा आकडा जाहीर होत होता. ‘तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले तर आजही निघा, इथे या’ हे एक वाक्य त्यासोबत रोज सांगायला हवे होते.

ते काम सरकारचे आहे, आणि त्याची वाट न बघता करण्यासारखे एक काम वाचकाचेही आहे. आपल्या घरापासून सर्वांत जवळचे, चोवीस तास सीटी स्कॅन आणि गुठळी विरघळवणारे इंजेक्शन असलेले रुग्णालय कोणते, हे आजच फोन करून विचारा, आणि त्याचा नंबर १०८ च्या खाली घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये नोंदवून ठेवा.